अ‍ॅप लावून खाणं-चालणं खरंच सुधारतं का? माझं तर दोन आठवड्यात सगळं थंड

मधली_सुट्टी

नमस्कार मंडळी, थोडं वैतागूनच धागा काढतेय. काम दिवसभर खुर्चीतलं, आणि मागच्या तपासणीत डॉक्टरांनी वजन आणि साखर दोन्हीकडे बघा म्हणून सांगितलंय (साखर अजून काठावर आहे, गोळ्या नाहीत). म्हणून एक अ‍ॅप टाकलं, त्यात जेवण लिहायचं, पावलं मोजायची, पाण्याची आठवण, झोप, सगळंच. सुरुवातीला काय तो उत्साह, चहातली साखरसुद्धा लिहिली. मग घरच्या भाजीची नोंद करायला गेले तर एकाच नावाच्या ढीगभर नोंदी, एकीत ९० कॅलरी तर दुसरीत २४०, आता यातली माझी कुठली ते कोण सांगणार? आणि रात्री जेवून जरा टेकलं की टिंग, 'अजून ३२०० पावलं बाकी'. फोन भिरकावून द्यावासा वाटतो. आता अ‍ॅप आहे फोनमध्ये, पण उघडवत नाही.

नवऱ्याचं म्हणणं ही सगळी फॅडं आहेत, गपचूप चालायला जा. पण मला असं वाटतं की आकडा समोर दिसला की माणूस थोडा तरी ताळ्यावर राहतो. तर कोणी जास्त दिवस टिकवलंय का, कसं टिकवलं, पैसे भरायचं व्हर्जन घेण्यात अर्थ आहे का आणि मनगटावरचं घड्याळ घेतलं तर काही फरक पडेल का? अनुभव असलेल्यांनी लिहा प्लीज, उपदेश नको, तो घरी मिळतो :)

सावकाश_चालणारा

आधी ते रोजच्या १०,००० पावलांचं टार्गेट डोक्यातून काढा. तो आकडा कुठल्या डॉक्टरने शोधून काढलेला नाही, १९६५ च्या सुमारास जपानमध्ये एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार घातले, टोकियो ऑलिंपिक नुकतं झालेलं, लोकांना व्यायामाचं वेड लागलेलं, आकडा गोल आणि दिसायला छान, तोच पुढे सगळ्या अ‍ॅप्सनी उचलला. खरा अभ्यास बऱ्याच उशिरा झाला. २०१९ मध्ये अमेरिकेत १६ हजारांवर वयस्कर बायकांचा अभ्यास छापून आला, सरासरी वय ७२, त्यात रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि ७,५०० च्या आसपास तो फायदा वाढायचा थांबला. २०२२ मध्ये १५ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा साठीच्या आतल्यांसाठी ही मर्यादा ८ ते १० हजार आणि साठीपुढच्यांसाठी ६ ते ८ हजार अशी निघाली. म्हणजे सगळ्यात जास्त फायदा अगदी कमी चालणाऱ्याने थोडं वाढवलं की होतो, पण अ‍ॅप त्याच माणसाला रोज रात्री नापास करतं.

मी काय करतो, फोनमध्ये मागच्या आठवड्याची सरासरी बघायची, समजा ३,८०० आहे, तर टार्गेट ४,८००. ते जमायला लागलं की पुढे सरकवायचं. जवळपास सगळ्या अ‍ॅपमध्ये टार्गेट बदलता येतं, लोक सेटिंगमध्ये जातच नाहीत. आणि नोटिफिकेशन सगळी बंद, एकच ठेवा, दुपारच्या जेवणानंतरचं. रात्रीची आठवण काय कामाची, तेव्हा माणूस फक्त चिडतो.

तेलाचा_चमचा

वरच्या प्रतिसादाला +१. खाण्याबद्दल मी लिहिते.

अ‍ॅपमधल्या त्या ढीगभर नोंदी बहुतेक वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात, कोणाची वाटी केवढी आणि फोडणीत तेल किती ते कोणालाच माहीत नाही. आणि सगळा घोळ तेलातच आहे. एक ग्रॅम तेलाला ९ कॅलरी, मोठा चमचा सपाट भरला तरी साधारण १३-१४ ग्रॅम, म्हणजे १२० च्या आसपास. आता कढईत बाटली तिरकी करून आपण जे ओततो ते एक चमचा की तीन? तीच तुमची ९० आणि २४०. त्यामुळे मी एक रविवार काढला, घरात नेहमी होणारे पदार्थ तेल चमच्याने मोजून केले, शिजल्यावर भांड्यासकट वजन केलं, भांड्याचं वजा केलं आणि अ‍ॅपमध्ये 'माझी रेसिपी' म्हणून सेव्ह केले. आपल्या घरात फिरून फिरून तेच पदार्थ होतात हो, पंधरावीस सेव्ह झाले की रोजचं लिहिणं दोन मिनिटांचं काम.

आणि रोज लिहायलाच हवं असंही नाही, मी आता मधूनमधून एखादा आठवडा लिहिते, वाढायचा हात सैल झालाय का ते लगेच कळतं. पण लिहिण्याचा उपयोग होतो हे नक्की. अमेरिकेत २००८ साली १७०० च्या आसपास लोकांचा एक मोठा अभ्यास झाला होता, त्यात जे नेमाने खाण्याची वही लिहीत होते त्यांचं वजन न लिहिणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट उतरलं. आणि गंमत बघा, २०१४ मध्ये दवाखान्यात येणाऱ्या जाड लोकांपैकी निम्म्यांना प्रसिद्ध कॅलरी-अ‍ॅप दिलं आणि निम्म्यांना दिलं नाही, सहा महिन्यांनी वजनात फरक शून्य. कारण पहिल्या महिन्यानंतर बहुतेकांनी ते उघडणंच सोडलं. म्हणजे तुम्ही एकट्या नाही आहात :) कुठलं अ‍ॅप यावर डोकं घालवू नका, ज्यात लिहायला कमी कटकट ते चांगलं. साधी वहीपण चालेल.

आकडेमोड

घड्याळाबद्दल. पावलं आणि नाडीचे ठोके बऱ्यापैकी बरोबर येतात, पण 'आज तुम्ही इतक्या कॅलरी जाळल्या' हा आकडा बघूच नका. स्टॅनफर्डने २०१७ मध्ये सात घड्याळं तपासली, सातपैकी सहांचे ठोके पाच टक्क्यांच्या आत होते, पण कॅलरीत सगळ्यात चांगलं घड्याळसुद्धा २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के! आणि बरीच अ‍ॅप्स काय करतात, ते जाळलेले आकडे तुमच्या खाण्याच्या कोट्यात परत टाकतात. चालून आलात, ३०० जाळल्या, घ्या अजून ३०० खाऊन. तिथेच सगळं मुसळ केरात. सेटिंगमध्ये व्यायामाच्या कॅलरी जोडायचा पर्याय असतो तो बंद करा.

घड्याळ घालून वजन उतरतं याचीही खात्री नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत ४७१ तरुण लोकांवर दोन वर्षांचा प्रयोग झाला, सगळ्यांना आहार-व्यायामाचं मार्गदर्शन होतं, मग अर्ध्यांना अंगावर घालायचं हालचाल मोजणारं यंत्रही दिलं. यंत्रवाल्यांचं सरासरी साडेतीन किलो उतरलं आणि बिनयंत्रवाल्यांचं जवळपास सहा. का ते नीट कळलेलं नाही. फोन खिशात असतोच, आधी त्यानेच काम भागवा.

निवांत_गडी

आमचं घड्याळ भांडी घासताना पावलं मोजतं आणि सामानाची ट्रॉली ढकलत अख्खं दुकान फिरलो तर एकही नाही, कारण मनगट हलत नाही ना. आमच्या घरी त्यामुळे भांड्यांवरून भांडणं होतात, पण उलटी. हलकेच घ्या.

मधली_सुट्टी

हसून हसून मेले =)) सगळ्यांचे आभार, तेलाचं तर डोक्यातच आलं नव्हतं. टार्गेट आत्ताच कमी केलं, सरासरी बघून लाज वाटली पण आकडा सांगणार नाही. अजून एक, जाऊबाई म्हणतायत की आपण दोघी मिळून पावलांचा ग्रुप करू, त्यात मग कोण पुढे कोण मागे ते दिसतं. अशाने टिकतं का? की भांडणं होतील? आणि लेक बारावीला आहे, तीपण म्हणतेय मला कॅलरीचं अ‍ॅप टाकून दे, टाकू का?

ताटातली_बाई

मी आहारतज्ज्ञ आहे, लेकीचं आधी सांगते. कॅलरी मोजायचं अ‍ॅप तिला नका देऊ. वाढत्या वयातल्या मुलींना त्या लाल-हिरव्या आकड्यांचा नाद फार लवकर लागतो, जेवण टाळणं, खाल्लं की अपराधी वाटणं, आकडा कमी आला की खूश होणं, हे मी समोर बसलेल्या मुलींत बघते. खाण्याचे मानसिक आजार असलेल्या लोकांना विचारलं तर अशा अ‍ॅपने आपला त्रास वाढला असं सांगणारे पुष्कळ निघतात. तिला हालचाल वाढवायची असेल तर चालायचं नाहीतर पळायचं अ‍ॅप द्या. नवशिक्याला पळायला शिकवणारा नऊ आठवड्यांचा प्रोग्रॅम असतो, आठवड्यातून तीनदा, थोडं पळा थोडं चाला करत करत शेवटी सलग अर्धा तास. तो चांगला आहे, कारण त्यात आज काय करायचं ते कानात सांगतात, हिशोब मागत नाहीत.

आता तुमचं. साखर काठावर आहे तर माझ्या दृष्टीने पावलांच्या बेरजेपेक्षा ती कधी चालता ते महत्त्वाचं, जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललात तरी जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते. वर दुपारच्या जेवणानंतरची एकच आठवण ठेवा म्हटलंय ते म्हणूनच मला फार पटलं. दुसरं, जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असा व्यायाम, आणि हा दुसरा भाग पावलांच्या अ‍ॅपमध्ये दिसतच नाही म्हणून लोक तो करतच नाहीत. पूर्वी सलग दहा मिनिटं तरी हवीत अशी अट होती, २०२० मध्ये ती काढली, त्यामुळे जिने चढलात तेही धरा. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना महिन्याभराचा पावलांचा आलेख दाखवा, 'चालते की रोज' यापेक्षा त्यांना त्यातून जास्त कळतं.

आकडेमोड

जाऊबाईंचा ग्रुप करा, बिनधास्त. २०१९ मध्ये याच्यावरच एक प्रयोग छापून आलाय, सुमारे ६०० नोकरदार, एका गटात आपसात स्पर्धा, एकात सगळे मिळून टीम, एकात घरचं कोणीतरी पाठीशी, आणि एकात खेळबीळ काही नाही, नुसतंच मोजायचं. सहा महिने तिन्ही खेळवाल्या गटांची पावलं नुसतं मोजणाऱ्यांपेक्षा जास्त होती, पण खेळ बंद केल्यावर पुढचे तीन महिने फक्त स्पर्धावाल्यांचीच वाढ टिकली. नुसत्या गमतीवर मात्र भरवसा नको, २०१६ मध्ये पोकेमॉन गो हा बाहेर फिरत खेळायचा फोनवरचा गेम आला तेव्हा खेळणाऱ्यांची पावलं पहिल्या आठवड्यात रोज हजारभर वाढली आणि सहाव्या आठवड्यात होती तिथे परत. जाऊबाई कुठे जात नाहीत, पोकेमॉन गेला :)

तेलाचा_चमचा

ग्रुप करताना लोकेशन शेअरिंग बंद ठेवा आणि प्रोफाइल फक्त ओळखीच्यांना दिसेल असं करा. २०१८ मध्ये एका पळायच्या अ‍ॅपच्या जगभरच्या नकाशावरून लष्कराचे तळ दिसले होते, मग आपण रोज किती वाजता कुठल्या रस्त्याने जातो हे कळायला कितीसा वेळ.

पैसे भरायच्या व्हर्जनचं राहिलंच की. आत्ता घेऊ नका, पावलं आणि रेसिपी सेव्ह करणं बऱ्याच अ‍ॅपमध्ये फुकट असतं. फुकट ट्रायल घेतलीत तर त्याच दिवशी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन सबस्क्रिप्शन रद्द करून टाका, ट्रायल साधारण ठरलेल्या तारखेपर्यंत चालूच राहते. नुसतं अ‍ॅप डिलीट केल्याने पैसे कापायचे थांबत नाहीत, हे बऱ्याच जणांना स्टेटमेंट आल्यावर कळतं.