कुत्रा, घोडा आणि नागपूरचा उन्हाळा : तुम्ही कसं निभावता?

शोचा कुत्रा आणि घोडा एकाच आवारात असले की औषधांचं कपाटही एकच होतं, आणि गडबड तिथंच होते. आपापली रीत लिहा. कौतुकाच्या गोष्टी नकोत. माप, वेळ आणि काय बिघडतं तेवढं सांगा.

धरमपेठ (जर्मन शेफर्ड)
उन्हाळा लागला की लोकं शेफर्डला झिरो मशीन मारून राहिले. नका मारू, भाऊ. आतली मऊ लोकर अंडरकोट रेकने (लांब दातांच्या फणीने) काढा आणि वरचे राठ केस राहू द्या. तेच ऊन अडवतात. मशीन लावली की लोकर आधी येते, राठ केस मागाहून, तेही कधी ठिगळासारखे. मग हिवाळ्यातले शो गेलेच समजा. शाम्पू एक भाग, पाणी दहा भाग, म्हणजे तो कातडीपर्यंत पोचतो आणि निघूनही जातो. ड्रायर गार हवेवर ठेवा. कानामागे आणि शेपटीच्या मुळाशी ओल राहिली तर पावसाळ्यात एका रात्रीत लाल, चिकट चट्टा उठतो.

मानेवाडा
कूलरबद्दल. कुत्र्याला घाम जवळजवळ नसतो, तो धापा टाकून जिभेवरचं पाणी उडवतो. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत (२३ मे २०१३ ला इथं पारा ४७.९ अंशांवर होता) वाळ्याच्या ताट्यांचा कूलर झकास चालतो. पाऊस सुरू झाला की तोच कूलर खोलीत दमट हवा भरतो, जिभेवरचं पाणी उडत नाही आणि ३४ अंशांतही कुत्रा तापतो. तेव्हा पंप बंद, नुसता पंखा, खिडकी उघडी. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टिकली नाही तर कुत्रा बाहेर काढू नका.

कामठी रोड
थर्मामीटर गुदद्वारातूनच लावायचा, टोकाला व्हॅसलीन. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२, घोड्याचं ३७.५ ते ३८.५. कुत्रा ४१ च्या वर गेला, लाळ घट्ट झाली, पाय लटपटायला लागले, की आधी गार करा, मग गाडीत घाला. नळाचं पाणी पोट, काखा, जांघा आणि पंजांवर ओतत राहा, समोर पंखा. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका; तो घटकाभरात गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. ३९.५ ला पाणी थांबवा, नाहीतर तापमान उतरतच जातं. कुत्रा शुद्धीवर दिसला तरी दवाखाना चुकवायचा नाही, मूत्रपिंडाचा आणि रक्त गोठण्याचा त्रास दुसऱ्या दिवशीही उठतो. घोड्याला मात्र मान, छाती, पाठ, पुठ्ठे, सगळीकडे थंड पाणी सतत ओता.

धरमपेठ, पुन्हा
रिंगबद्दल राहिलं. शेफर्डचा स्टॅक (जजसमोर उभं राहायची ठेवण) : पुढचे पाय खांद्याखाली सरळ, जजच्या बाजूचा मागचा पाय मागे, त्याचा हॉक (मागच्या पायाचा टाचेसारखा सांधा) ते पंजा भाग जमिनीला काटकोनात, दुसरा पोटाखाली. गुळगुळीत फरशीवर सराव केला की कुत्रा पाय फाकवतो. रबरी मॅट टाका. दात दाखवायची सवय रोज दहा सेकंद. आमिषाला कोंबडीची कलेजी उकडून तव्यावर कोरडी करा, मीठ-कांदा-लसूण काही नाही, तुकडा हरभऱ्याएवढा.

सेमिनरी हिल्स
आता ते कपाट. गोचिडांसाठी कुत्र्यावर वापरतात ते अमिट्राझ घोड्याच्या अंगावर कधीच नको. घोड्याच्या आतड्याची हालचाल मंदावते, लीद अडकते, पोटशूळ उठतो. घोडा ओकूही शकत नाही. उलट बाजूही तितकीच वाईट. घोड्याच्या जंतांची आयव्हरमेक्टिन पेस्ट किलोमागे २०० मायक्रोग्रॅमच्या हिशेबाची, तर कुत्र्याला हार्टवर्म (हृदयातला जंत) टाळायला ६ पुरतात. कोली जातीतल्या काही कुत्र्यांत हे औषध मेंदूत शिरतं. म्हणून पेस्ट दिल्यावर थुंकलेला गोळा लगेच उचला आणि पुढचे काही दिवस लीदही कुत्र्यापासून लांब ठेवा. दोन कपाटं करा, दोन रंगांचे डबे.

सर्रा (रक्तातल्या सूक्ष्म जंतूचा आजार) मात्र दोघांनाही होतो. मोठी चावरी माशी तो पसरवते. घोड्याला येऊन-जाऊन ताप, पायांवर आणि पोटाखाली सूज. कुत्र्याचा डोळा दुधाळ होतो, लोक नुसते थेंब घालत बसतात आणि रक्तातला जंतू तसाच राहतो. ताप असतानाच रक्त काढून काचपट्टीवर तपासून घ्या. ताप उतरल्यावर काढलेल्या नमुन्यात जंतू बहुधा सापडत नाही, आणि त्यावर विसंबलं की फसगत.

हिंगणा
घोड्याचं वजन टेपने : छातीचा घेर गुणिले घेर गुणिले लांबी (खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत), सेंटिमीटरमध्ये, भागिले ११,८८०. घेर १६५, लांबी १५० म्हणजे सुमारे ३४४ किलो. कोरडी वैरण वजनाच्या दोन टक्के, म्हणजे सातेक किलो, तीन-चार वेळांत. हिरवी ज्वारी नको; मूत्राशय सुजतं, लघवी गळते, मागचे पाय डुलतात. चोकरावर (गव्हाच्या कोंड्यावर) भर दिला तर फॉस्फरस चढतो, हाडातलं कॅल्शियम उतरतं, तोंड सुजतं. जवस द्यायचा तर उकळून. मीठ रोज ३० ग्रॅम, उन्हाळ्यात जास्त, पाणी ४० लिटरच्या वर धरून चला. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी. नाल मजबूत दिसली तरी खूर वाढतच असतो.

काटोल रोड
लाडका घोडा गेला की लोकं नाल आणि शेपटीचे केस ठेवतात, आणि दोन पावसाळ्यांत दोन्ही वाया जातात. केस कापण्याआधी मुळाशी सुतळीने घट्ट बांधा, मग बांधाच्या वर कापा. भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात दोनदा धुवा, सावलीत टांगून पूर्ण वाळवा, मगच वेणी. ओलसर वेणी कुजते. पिशवी सुती, प्लास्टिकची नाही, आत डांबरगोळी. नाल एक रात्र व्हिनेगरमध्ये बुडवा, तारेच्या ब्रशने घासा, लगेच धुऊन कोरडी करा, मग पक्कं जवसाचं तेल अगदी पातळ हाताने. जाड लावलं की महिनाभर चिकट राहतं. तेलाचं फडकं मात्र चुरगाळून ठेवू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकं आपोआप पेटतं. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा, त्यातही तबेल्याजवळ वैरण असेल तर आधी तेच.