चीनचं बाकीच्या शेजाऱ्यांशी मिटलं, मग आपल्याशीच का अडलंय?

गडग्यापलीकडे (दापोली)
प्रश्न जरा येडछाप वाटेल पण विचारतोच. आमच्या आणि चुलत्याच्या बागेत सामाईक गडगा आहे, दर पावसात चार दगड ढासळतात आणि परत रचताना वीतभर आमच्याच बाजूला येतात, असं करत करत एक अख्खं हापूसचं कलम पलीकडे गेलं. परवा बाबा वैतागून म्हणाले, हा चीन झालाय नुसता. म्हणून रात्री वाचत बसलो तर भलतंच निघालं. चीनला जमिनीवरचे शेजारी १४, त्यातल्या १२ जणांशी हद्दीचे करार झालेत, राहिलो आपण आणि भूतान. ताजिकिस्तानकडे तर २८ हजार चौ.किमी. मागत होते आणि २०११ मध्ये हजारभरावर मिटवलं! म्हणजे हा गडी तडजोड करतो की. मग आपलंच घोडं कुठे अडलंय?

कोकणी_वाघ_०७
कसली तडजोड, सगळ्यांच्या जमिनी गिळल्यात त्याने. गलवानला २० जवान गेले आपले, विसरलात काय? आधी चिनी माल घेणं बंद करा मग चर्चा करा

सुरूचं_बन (गुहागर)
वाघा, हे कुठल्या मोबाईलवरून टाइप केलंस तेवढं सांग 😄

गडगेवाले, प्रश्न बरोबर आहे. माझं मत असं की चीन हद्दीकडे बाहेरून बघतच नाही, आतून बघतो. तिबेट आणि शिनजियांग हे दोन मोठे प्रांत, माणसं वेगळी, धर्म वेगळा, बीजिंगपासून लांब, तिथे आत धग लागली की शेजाऱ्याने त्यात फुंकर मारू नये म्हणून जमीन सोडायची. तारखा बघा ना, १९५९ला ल्हासात उठाव झाला आणि लगेच १९६० बर्मा, १९६१ नेपाळ, धडाधड करार. त्यात गंमत म्हणजे आपल्याशी ज्या मॅकमहोन रेषेवरून (ब्रिटिशांच्या काळात आखलेली, अरुणाचलच्या वरची हद्द) वाद घालतात तीच रेषा बर्माच्या हद्दीत बरीचशी तशीच मान्य केली, फक्त ते नाव घेतलं नाही. ९०च्या दशकात सोव्हिएत युनियन फुटल्यावर कझाकस्तान, किरगिझस्तानशी पण तसंच, तुम्ही उइगुरांना (शिनजियांगमधले मुसलमान) थारा देऊ नका, आम्ही हद्दीत ताणत नाही.

आता आपल्याकडे या. लडाखला लागून असलेल्या अक्साई चीनमधून शिनजियांग ते तिबेट रस्ता जातो, १९५७ला पुरा झाला आणि आपल्याला कळलं चिनी पेपरातल्या बातमीवरून (डोक्याला हात!). तो रस्ता म्हणजे त्या दोन प्रांतांना जोडणारा दोर, तो कोण सोडणार. १९६०ला त्यांचे पंतप्रधान चौ एन-लाय दिल्लीत आले तेव्हा सूर असा होता की पूर्वेला (आत्ताचं अरुणाचल) तुमचं तुम्ही ठेवा, पश्चिमेला (अक्साई चीन) आमचं आम्ही. ते जमलं नाही, ६२ झालं. आणि पुढे ८०च्या दशकात त्यांनी अरुणाचलमधलं तवांगच मागायला सुरुवात केली. तवांग म्हणजे सहाव्या दलाई लामांचं जन्मगाव, शिवाय १९५९ला आत्ताचे दलाई लामा त्याच वाटेने भारतात आले. म्हणजे आपल्याशी वाद नुसता जमिनीचा नाहीच, तिबेट कोणाचं हा आहे. तो बांध मोजणीने सुटत नाही.

बोटीवरचा (रत्नागिरी)
जमिनीवरचं पटलं सर, पण समुद्रात हे गणित लागू होत नाही. मी बारा वर्षं बोटीवर आहे, सिंगापूर सोडून वर साउथ चायना सीमध्ये शिरलं की रात्री रडारवर ठिपक्यांचा पुंजका दिसतो, मासेमारी बोटी म्हणावं तर एकही जाळं टाकत नाही, नुसत्या उभ्या, एकमेकीला खेटून. त्यांच्याकडे मच्छीमारांचीच मिलिशिया आहे, म्हणजे सरकारच्या हुकमाने चालणारं निमलष्करी दल. २०१२ला स्कारबरो शोल (समुद्रातला उथळ खडकाळ भाग) असंच चीनच्या ताब्यात गेलं, फिलिपिन्सच्या लुझॉन बेटापासून ते साधारण २२० किमीवर. पुढे २०१६ला हेगच्या लवादाने चीनच्या नऊ रेघांच्या नकाशाला (जवळजवळ अख्ख्या साउथ चायना सीवर दावा सांगणारा) कायद्याचा आधार नाही म्हणून सांगितलं, चीनने तो निकाल मानलाच नाही. तोवर फायरी क्रॉस, सुबी, मिसचीफ या तिथल्याच प्रवाळ खडकांवर भर टाकून धावपट्ट्या पण उठल्या होत्या. तिकडे कुठे आलाय उइगुर न तिबेट? तिकडे नुसती ताकद.

मालवणी_खाजा
ह्या बोटीवाल्याचा माका पटला. आमच्याकडे बाहेरचे मोठे ट्रॉलर रात्री लाईट लावून इतके जवळ येतत, सकाळी आमच्या जाळ्यात नुसती शेवाळ. त्या फिलिपिनो रापणकाराचा काय झाला आसात ता वेगळा सांगूक नको.

सुरूचं_बन
@बोटीवरचा मान्य, समुद्रात माझा मुद्दा लंगडा पडतो. एवढंच म्हणेन की तिकडे पण सोडल्याचं एक उदाहरण आहे, २००० साली व्हिएतनामशी टोंकिनच्या आखाताची वाटणी कागदावर केली. पण ते आखात, खुल्या समुद्रात एक इंच नाही.

आणि जमिनीवर पण आता ढंग बदललाय. २०२२पासून त्यांचा भूसीमा कायदा लागू आहे, हद्दीला लागून नवीन गावं वसवतायत, भूतान सांगतं त्या हद्दीत सुद्धा. आधी घर, मग नळ, मग रस्ता, आणि मग म्हणायचं इथे आमची माणसं राहतात. ऑक्टोबर २०२४ला लडाखच्या डेपसांग-डेमचोकमध्ये गस्तीचं ठरलं हे चांगलंच, पण ते गस्तीचं, हद्दीचं नाही.

गडग्यापलीकडे
म्हणजे आमच्या चुलत्याने कलमाखाली मांगर बांधलाय तो याच हिशोबाने 🤦 धन्यवाद सर. बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले चीनचं राहू दे, मोजणीचे पैसे भरलेस का?

बोटीवरचा
भरलेस का मग?

गडग्यापलीकडे
उद्या.