दौरा म्हणजे सहल नव्हे

मुलांच्या वाद्यवृंदाचा परदेश दौरा म्हणजे पालकांच्या पैशांवरची सहल, असं काही जण म्हणतात; ते मत मला मुळीच पटत नाही. व्हेनेझुएलात होसे आंतोनियो अब्रेऊ यांनी १९७५ साली सुरू केलेल्या, मुलांना वाद्यवृंदातून संगीत शिकवणाऱ्या चळवळीतला सिमोन बोलिव्हार युवा वाद्यवृंद २००७ मध्ये लंडनच्या प्रॉम्स या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या महोत्सवात वाजला आणि जगाने दखल घेतली.

कष्टही कमी नसतात. चेलोला, म्हणजे व्हायोलिनच्या जातीच्या मोठ्या वाद्याला, बहुतेक वेळा विमानात वेगळं तिकीट काढावं लागतं! आमच्या लातुरात एप्रिलच्या कोरड्या उन्हात व्हायोलिनच्या खुंट्या सैल पडून तारा उतरतात. दमट गावी त्याच फुगून अडकतात. हे सांभाळत पोरं रोज नव्या सभागृहात सूर जुळवतात. लातूर-नांदेडच्या पोरांना अशी संधी आली, तर वर्गणीसाठी मी स्वतः दारोदार फिरेन.