मदत हवी आहे: ड्रायव्हर टाकताना वीज गेली, उबुंटू लिनक्स उघडत नाही

सांजवात
काल रात्री एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डाचा ५५० ड्रायव्हर टाकत होते, मध्येच वीज गेली. आता लोगो येतो आणि स्क्रीन काळी. रिकव्हरीत 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' (म्हणजे पॅकेज बसवणं अर्धवट राहिलं) असं येतं. बहिणीचा प्रबंध याच मशीनवर आहे, उद्या छपाईला द्यायचाय. कृपया लवकर सांगा!

आंबेमोहोर
कार्ड कोणतं? उबुंटू २२.०४ की २४.०४? आधी कोणता ड्रायव्हर होता?

गडवाट
सगळं पुसून लिनक्स मिंट टाका. माझ्याकडे तीन वर्षं एकदाही अडलं नाही.

आंबेमोहोर
अहो, प्रबंध आत आहे आणि तुम्ही पुसायला सांगताय?

कोरडवाहू
प्रबंध मराठीत आहे का? पीडीएफ करताना फॉन्ट एम्बेड करा, नाहीतर छपाईवाल्याकडे जोडाक्षरं तुटतात.

सांजवात
जीटी ७१०, २४.०४. आधी नूवोच (उबुंटूसोबत येतो तो ड्रायव्हर) होता. व्हिडिओ अडकायचे म्हणून यूट्यूबवर बघून ५५० टाकला.

आंबेमोहोर
मग वीज गेली नसती तरी चाललं नसतं. ७१० केपलर पिढीचं कार्ड, त्याला ४७० च्या पुढचा ड्रायव्हर नाही. नव्या पॅकेजने नूवोला बंदी घातली आणि स्वतःचं मॉड्यूल (ड्रायव्हरचा मुख्य भाग) तयार झालंच नाही, म्हणून बहुधा स्क्रीन काळी.

आधी प्रबंध वाचवा. ग्रबमध्ये (मशीन सुरू होताना येतो त्या मेनूत) ई दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहा, एफ१० दाबा. अक्षरं मोठी, ओबडधोबड दिसतील, चालेल. फाइल पेनड्राइव्हवर घ्या. मगच टर्मिनलमध्ये 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', त्यानंतर 'सुडो एपीटी पर्ज' करून एनव्हिडियाची सगळी पॅकेजेस काढा आणि रीबूट करा. नूवो परत येईल. ४७० छपाई झाल्यावर बघू.

गडवाट
यूपीएस मात्र घ्याच.

सांजवात
फाइल मिळाली!! बहीण रडायच्या बेतात होती. पण कॉन्फिगर करताना सिक्युअर बूटसाठी (सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी सोय) पासवर्ड मागतोय. माझा लॉगिनचा टाकू?

आंबेमोहोर
नको, नवीन ठरवा, किमान ८ अक्षरी, आणि कागदावर लिहून ठेवा. रीबूटला निळी स्क्रीन आली तर 'एनरोल मोक' (ड्रायव्हरवर सही करणारी किल्ली नोंदवणं) निवडून तोच टाका. म्हणजे ४७० टाकाल तेव्हा तीच किल्ली चालेल.

सांजवात
लिहिला. पर्ज चालू आहे, ६० टक्के झालंय.