मदत हवी आहे: कोहामध्ये नियमित येणारा सभासद 'निष्क्रिय' दिसतोय

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात महाल भागातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे कोहा ही वाचनालयाचं काम सांभाळणारी संगणक प्रणाली आहे. वर्षभर न फिरकलेल्या सभासदांची खाती बंद करायचं समितीने ठरवलं, म्हणून 'अमुक तारखेनंतर पुस्तक न नेलेले' असा निकष लावून यादी छापली. तिसऱ्याच नावावर अडखळले. ते काका समोरच्याच टेबलावर भिंग धरून पेपर वाचत बसले होते! रोज सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर हजर असतात. नजर अधू झाल्यापासून पुस्तक घरी नेत नाहीत, इतकंच. यादी तशीच खणात ठेवली.

मग खात्यावरची 'लास्ट सीन'ची, म्हणजे सभासद शेवटचा कधी दिसला याची, तारीख बघितली, तर बहुतेकांची रिकामी. सभासदाची शेवटची हालचाल टिपणारी 'ट्रॅक लास्ट पेट्रन ॲक्टिव्हिटी' ही सेटिंग आमच्याकडे बंदच होती. आता सुरू केली आहे, पण मागच्या तारखा काही आपोआप भरत नाहीत. त्या कोहाच्या डेटाबेसमधल्या 'स्टॅटिस्टिक्स' टेबलातल्या देवघेव आणि नूतनीकरणाच्या नोंदींवरून काढतेय. वाचनाचा इतिहास अनामिक केला असेल, म्हणजे त्यातून सभासदाची ओळख काढली असेल, तर जुन्या देवघेवीच्या टेबलात सभासद सापडत नाही, हेही त्याच वेळी कळलं.

नव्या आवृत्तीत कोणत्या कृतीला तारीख बदलायची हे निवडता येतं: लॉगिन, पुस्तक नेणं, परत करणं वगैरे. 'परत करणं' मी निवडलेलं नाही. गेल्या महिन्यात एका आजींची पुस्तकं त्यांच्या सुनेने आणून दिली. आजी गेल्याचं तेव्हाच समजलं. ती खूण लावलेली असती तर त्या आजी आमच्या दप्तरी 'सक्रिय' ठरल्या असत्या.

खरी अडचण बसून वाचणाऱ्यांची आहे. टेबलावर राहिलेलं पुस्तक काउंटरवर परत स्कॅन केलं की 'लोकल यूज' (वाचनालयातच वापर) अशी नोंद पडते, पण ती पुस्तकाची. वाचलं कुणी, ते त्यात नसतं. अभ्यासिकेतली एमपीएससीची मुलं तर स्वतःचीच पुस्तकं घेऊन येतात, त्यांची तेवढीही नोंद होत नाही.

दाराशी कार्ड स्कॅन करून फक्त येण्याची तारीख खात्यावर चढवायची, असं डोक्यात आहे. कोण काय वाचतं हे मात्र मला साठवायचं नाही. तुमच्यापैकी कुणी एसआयपी (बाहेरची यंत्रं कोहाशी बोलू शकतील अशी जोडणी) वापरून किंवा साध्या बारकोड रीडरवर हे केलंय का? ज्येष्ठांना रोज कार्ड काढायला लावणं जमतं का, की काउंटरवरच्या माणसाने नाव बघून नोंदवलेलं बरं? आणि खातं बंद करण्याआधी तुम्ही फोन करता का? किती दिवस वाट बघता?

समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. तोवर एकही खातं पुसू नका, असं मी त्यांना लेखी कळवलंय.