वाचनालयाची यादी: समोर दिसणारं पुस्तक शोधल्यावर सापडत नाही

नेरूळकर
नेरूळला आमच्या सोसायटीच्या वाचनालयात साधारण २,८०० पुस्तकं आहेत. तिघांनी वाटून गूगल शीटमध्ये यादी भरली, दोघांनी मोबाइलवर आणि एकाने लॅपटॉपवर. आता ‘ॲ’ टाकून शोधलं की काही नोंदी येतच नाहीत, ओळ समोर दिसत असली तरी. एकेका लेखकाची तीन-तीन नावंही झाली आहेत. सगळं पुन्हा टाइप करावं लागेल का?

अक्षरजुळणी
अजिबात नाही. दिसायला एकच असलं तरी आत अक्षरं वेगळी आहेत. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत; तिच्यात ‘ॲ’ हे एकच अक्षर आहे, क्रमांक ०९७२. काही कीबोर्ड तेच ‘अ’ला चंद्र जोडून करतात, म्हणजे ०९०५ आणि ०९४५. शोधताना क्रमांक जुळवले जातात, आकार नाही. युनिकोडचं नॉर्मलायझेशनसुद्धा (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) या दोन रूपांना एक करत नाही, त्यामुळे ते आपल्यालाच करावं लागतं.

आधी शीटची प्रत काढा. शंका असलेलं अक्षर एकटंच एका कप्प्यात ठेवून शेजारी अक्षरं मोजणारा लेन (LEN) फॉर्म्युला लावा. १ आला तर एकच अक्षर, २ आला तर जोडलेलं. मग कंट्रोल-एच दाबा, शोधून बदलायची खिडकी उघडेल. वरच्या खोक्यात जोडलेलं रूप शीटमधूनच कॉपी करून टाका. टाइप केलंत तर तुमचा कीबोर्ड त्याच्या सवयीचं रूप देईल आणि काहीच बदलणार नाही. ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला अर्धा र सुद्धा असाच दोन प्रकारे लिहिला जातो, तोही तपासा. नावाच्या शेवटी राहिलेली स्पेस ट्रिमने जाते.

क्रम लावताना एक लक्षात ठेवा: ‘क्ष’ म्हणजे आतून क + ् + ष, त्यामुळे ‘क्षितिज’ यादीच्या शेवटी न जाता ‘क’मध्ये जातं. सभासदांना ते सांगून ठेवा.

ग्रंथसूची_ठाणे
लेखकांसाठी वेगळी प्रमाण यादी करा: आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षरं, प्रत्येक टिंबानंतर एक स्पेस. शीटमधल्या डेटा व्हॅलिडेशनने (कप्प्यात काय भरता येईल ते ठरवणारी सोय) तीच यादी ड्रॉपडाउनमध्ये द्या आणि यादीबाहेरचं नाव नाकारायला लावा. नुसती सूचना ठेवलीत तर महिन्याभरात पुन्हा तीच गत होईल. टोपणनावांना ‘पाहा’ची नोंद, म्हणजे ‘अमुक नावाखाली पाहा’ अशी ओळ, हवीच. नाटकं शिरवाडकरांच्या नावाखाली आणि कविता कुसुमाग्रजांच्या, अशी फाटाफूट झाली तर वाचकाला अर्धीच पुस्तकं मिळतात.

दशांश वर्गीकरणात (पुस्तकांना विषयानुसार अंक देण्याची पद्धत) मराठी कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. सोसायटीत बहुतेक पुस्तकं शेवटच्या अंकातच जमतात, म्हणून वर्गांकाखाली आडनावाची पहिली दोन अक्षरं लिहाच. आणि गहाळ पुस्तकाचा दाखल क्रमांक (वाचनालयात आल्यावर त्याला दिलेला क्रमांक) नव्या पुस्तकाला कधीही देऊ नका. शेऱ्यात ‘गहाळ’ लिहा, ओळ राहू द्या.

नेरूळकर
लेनने लगेच फरक दिसला, आभार! जुनी एक यादी श्रीलिपीत, म्हणजे जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, ती सरळ खाली चिकटवली तर?

अक्षरजुळणी
चिकटवू नका. ती युनिकोडमध्ये नसेल तर शोधात येणारच नाही. फॉन्टचं नेमकं नाव पाहून कन्व्हर्टरमधून काढा, मग ऱ्हस्व वेलांटी आणि रफार असलेले शब्द डोळ्यांखालून घाला. जुन्या फॉन्टमध्ये ही वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, त्यामुळे चुका बहुतेक तिथेच निघतात.