'नाही' तर म्हणायचंय पण सोयरपण तुटलं नाही पायजे: तुमचे अनुभव सांगा

गावात सरळ 'नाही' म्हणून मोकळं होता येत नाही, ज्याले नाही म्हटलं तोच सकाळी पारावर भेटते. मग हसत हसत मार्ग काढा लागते. तुमचे किस्से लिहा, पण समोरचा खट्टू झाला नाही असेच.

सुरुवात मी करतो. कापूस खरेदीवर ओलावा मोजाचं काम हाये माझ्याकडं. सीसीआय, म्हणजे सरकारचं कापूस महामंडळ, 12 टक्क्यांच्या वर ओलावा असला की कापूस घेत नाही. सख्खे मामा गाडी घेऊन आले, मीटरवर 14. कानात म्हणतात, "भाच्या, घरचा माल हाये, 12 लिही ना." मागं गाड्यांची रांग, सगळे पाहून रायले. मी मीटरच त्यांच्या हाती दिलं, म्हटलं मामा, या मशीनची माय काही तुमची बहीण नाही, ते कुठून ओळखते तुम्हाले, तुम्हीच समजावून पाहा. रांग हसली, मामाही हसले. मग आम्ही दोघांनी ताडपत्रीवर कापूस पसरवला, ऊन कडक होतं, दुसऱ्या दिवशी दुपारी 11 आला.

मी आशा वर्कर, पुसदकडची. ज्या घरी जा त्या घरी, "त्यांच्या सुनेचं काय चाललंय वं?" मी म्हणते मावशी, आधी तुमच्या घरचं त्यांना सांगून येते, मग त्यांचं तुम्हाले सांगते, चालते? लगेच चहा ठेवतात. पण हे जपलंच पाहिजे, बायका आपल्याले विश्वासानं सांगतात.

फवारणीचा पंप. शेजारी नेते, तणनाशक मारते अन् न धुता आणून देते. टू-फोर-डी नावाचं तणनाशक पंपात थोडं जरी राहिलं तरी कपाशीची पानं वाकडी होतात. म्हणून जुन्या पंपावर लाल पेंटनं 'तणनाशक' लिहून तोच देतो. त्यानं नवा मागितला तर म्हटलं, "दादा, त्याची सोयरीक कपाशीशी जुळली हाये, दुसरीकडं पाठवत नाही."

मी पोस्टमन. चहा नको म्हटलं की काकू रुसतात. "खात्यात जमा करा, पोळ्याले व्याजासकट काढतो." झालं.

आमच्याकडं सरपंच बाई, ग्रामसभेत बोलतात त्यांचे मालक. 15 ऑगस्टच्या सभेत मी रजिस्टर पुढं केलं, "भाऊ, एवढं छान बोलता, सहीही तुम्हीच करा." सभा हसली, भाऊ गप बसले. मग वहिनी उठल्या अन् टाकीचं पाणी खालच्या वस्तीत काऊन चढत नाही ते त्यांनी पाइपाच्या मापासकट सांगितलं.